ताण्यावर लावलेला पियानो

लडकू शेठच्या गोदामात पियानो आला तो चुकून. मुंबईची एक बंद पडलेली गिरणी लिलावात निघाली आणि शेठने तिथून चोवीस लूम, म्हणजे यंत्रमाग, उचलले. लॉट म्हणजे लॉट, त्यात आणखी काय काय आहे ते घरी येईपर्यंत कोणी बघत नाही. भिवंडीत, कामतघरला, ट्रक रिकामे करायला घेतले तेव्हा चोवीस लूम, अकरा बादल्या, साहेबाच्या बंगल्यातला एक कमोड आणि हे काळं धूड निघालं. हमालांना वाटलं कपाट आहे. आठ जणांनी ते उचललं तेव्हा आतून असा काही आवाज आला, की दोघे हात सोडून थेट कल्याण नाक्यापर्यंत पळत गेले, आणि त्यातला एक अजून परतलेला नाही. मी स्वतः त्याला शोधायला गेलो नाही, त्यामुळे एवढा भाग ऐकीव समजा.

सहा वर्षं तो पियानो सुताच्या गठ्ठ्यांमागे पडून होता. उंदरांनी त्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे खालच्या सुरांत, संसार थाटला आणि पोरंबाळं वाढली तसे ते वरच्या पट्टीत सरकत गेले. पियानोत तारांवर आपटणारे लाकडी हातोडे असतात, त्यांच्या तोंडाला लोकरीचा जाड नमदा लावलेला असतो. उंदरांनी तो इतका गुळगुळीत साफ केला, की आमच्या नाक्यावरच्या न्हाव्यालाही तशी दाढी जमली नसती.

मग तो दौलतच्या नजरेला पडला. दौलत शेठकडे जॉबर होता, म्हणजे अडलेला लूम चालता करून देणारा माणूस. राहणारा अंजूरचा. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यावर कानांचं जे होतं ते त्याचंही झालं होतं. तो कानांनी कमी आणि अंगठ्याने जास्त ऐकायचा. बंद यंत्र मात्र त्याला बघवत नसे. शुक्रवारी वीज बंद, लूम बंद, सगळी वस्ती आठवड्याची झोप काढते. हा गडी त्या दिवशी पियानो उघडून बसायला लागला.

आत बघतो तर दोनशेवर तारा उभ्या ताणलेल्या. दौलतला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. लूमवर जे उभे धागे ताणून धरलेले असतात त्यांना ताणा म्हणतात, आणि ताण्याचा पहिला नियम भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल, की सगळे धागे सारख्या ताणात हवेत. एक सैल, एक घट्ट असं झालं की कापड गेलं. इथे तर कुठली तार लोंबतेय, कुठली करकरीत. दौलतने एका पान्ह्याचं तोंड कानशीने घासून चौकोनी केलं आणि एकेक तार अंगठ्याने दाबून बघत, अंगठ्याला सारखाच दाब लागेपर्यंत पिळली. चार तुटल्या, त्या जागी लूमची तार घातली. हातोड्यांना जुन्या चामडी पट्ट्यांच्या चकत्या चिकटवल्या. चार महिन्यांनी त्याने मला बोलावून घेतलं.

"मास्तर, झाला," तो म्हणाला. "दाबून बघा, कसा हलका चालतोय."

मी एक पट्टी दाबली. भांड्यांच्या दुकानात घंटा पडावी तसा आवाज आला. सूर बरोबर आहे की नाही हे मला कळत नव्हतं, दौलतला ऐकू येत नव्हतं आणि लडकू शेठला त्याची गरज नव्हती. तेव्हा तिघांच्या मते पियानो दुरुस्त झाला.

त्याच वर्षी, एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर, शेठने बेल्जियमहून सहा नवे बिनशटलचे, म्हणजे बिनधोट्याचे, लूम मागवले. ते बसवायला वॉल्टर नावाचा इंजिनियर आला आणि त्याच्याबरोबर त्याचा भाचा आला, योरिस. वय वीस. उंची इतकी, की शेठच्या बंगल्यात पंखा सुरू करायच्या आधी त्याला खाली बसवावं लागे. मी शाळेतून निवृत्त झालेला इंग्रजीचा मास्तर. शेठने मला दुभाष्या म्हणून धरलं. "मामा कामात असंल," तो म्हणाला. "तुम्ही पोराशी बोलत बसा, मास्तर. तो कोणाशी बोलतच न्हाय."

बोलणार काय? तो दमलेला होता. चढ चढून लागतो तसला दम नव्हे. सकाळी उठून दात घासले की त्याचा दिवसभराचा जोर संपायचा. मग तो जिथे टेकेल तिथे संध्याकाळपर्यंत टेकलेला. वॉल्टरने मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोरगा सहाव्या वर्षापासून पियानो वाजवणारा. चौदाव्या वर्षी तिकडच्या मोठ्या सभागृहात त्याने असं काही वाजवलं, की दुसऱ्या दिवशी पेपरांनी लिहिलं, असं पुन्हा होणे नाही. लिहिणारे लिहून मोकळे झाले, याने ते खरं मानलं. तेव्हापासून जे वाजवील ते त्या संध्याकाळशी ताडून बघायचं आणि कमी भरलं की सोडून द्यायचं. गेले आठ महिने तर चौथ्या ओळीच्या आसपास त्याचे हात आपोआप मांडीवर जाऊन बसत. चूक होवो न होवो.

त्याला तिकडच्या एका संगीत मंडळाची शिष्यवृत्ती होती. ती पुढे चालू राहायची तर जानेवारी संपायच्या आत स्वतः रचलेली दहा मिनिटांची एक रचना टेप करून पोचवायची. पोचली नाही तर शिष्यवृत्ती बंद, पियानो बंद, आणि मामाच्या कंपनीत देशोदेशी लूम बसवत फिरायचं. डॉक्टरने सांगितलं होतं, दोन-तीन महिने याला पियानो दिसणार नाही अशा ठिकाणी न्या. वॉल्टरने विचार केला, असं ठिकाण जगात कुठलं? म्हणून भिवंडी.

मी ऐकून घेतलं. गोदामाचा विषय काढला नाही. माणूस इतक्या लांबून एवढा विचार करून आलेला, त्याला पहिल्याच दिवशी कशाला दुखवा?

पहिला महिना असाच गेला. शेठच्या मते पोराच्या बोटांत वात शिरला होता, म्हणून आम्ही त्याला वज्रेश्वरीच्या गरम कुंडात नेऊन बसवलं. तो तिथेच झोपी गेला. दोन तासांनी बाहेर काढला तेव्हा त्याचा रंग उकडलेल्या कोलंबीचा झाला होता आणि आजूबाजूच्या बायका त्याच्याकडे बघून मिठाची चौकशी करत होत्या. माझ्या घरी तो रोज दुपारी जेवायला येई. आमटी, भात, तांदळाची भाकरी, जे वाढाल ते खाई आणि ताटाकडे बघत बसे. सुमतीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याला चार दिवस बघितलं आणि निकाल दिला. "अहो, त्याला काही झालेलं नाही. त्याला कोणी तरी सांगायला हवंय की तू वाईट वाजवलंस तरी जेवायला ये." मी म्हटलं, मग तूच सांग. ती म्हणाली, तुमच्यातर्फे सांगितलं तर त्याचं काय होऊन पोचेल कोण जाणे.

तिचा हा टोमणा मला लागायला हवा होता. लागला नाही.

योरिसला झोप फक्त लूमच्या आवाजात लागायची. स्वतःच्या डोक्यातलं ऐकू येत नाही, असं तो सांगे. लूमच्या शेडला लागूनच गोदाम, तेव्हा दुपारी तिथे सुताच्या गठ्ठ्यांवर जाऊन पडायची त्याला सवय लागली. डिसेंबरात एके दिवशी कूस बदलताना तो गठ्ठ्यांच्या पलीकडे घसरला आणि सरळ पियानोसमोर जाऊन पडला.

मी दारात होतो. घरातून पळून परगावी आलेल्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी वडील उभे दिसावेत, तसा त्याचा चेहरा झाला. बराच वेळ उभा राहिला. मग एका उलट्या बादलीवर बसला आणि त्या जुन्या संध्याकाळची, पेपरात आलेली, ती चीज त्याने सुरू केली.

एकही सूर जागेवर नव्हता. बोटं बरोबर जात होती आणि आवाज दुसऱ्याच गल्लीतून येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. आणि मग तो हसायला लागला. इतका हसला, की आढ्यावरची कबुतरं उडाली आणि पलीकडे शेडमध्ये दोन लूमचे धागे तुटले. दौलत हात पुसत धावत आला.

योरिस डोळे पुसत इंग्रजीत म्हणाला, "कुठल्या वेड्याने हा लावलाय? या सुरांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही."

"काय म्हणतो?" दौलतने विचारलं.

"म्हणतो, असा पियानो युरोपात कोणाच्या बापाला लावता आला नसता."

दौलत लाजला. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, शेवटी ताणाच हाय तो. योरिसने विचारलं, हा काय म्हणतोय. मी म्हटलं, तो सांगतोय की ही आमच्याकडची जुनी पद्धत आहे, तीन पिढ्यांची.

आता हे मी का केलं? दोघेही खूश झाले, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. आयुष्यभर मी एवढ्याचसाठी बोलत आलोय.

योरिसने मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला आणि मला या पद्धतीतल्या सुरांची नावं विचारायला लागला. मला सुचली ती गावं सांगितली. अंजूर, काल्हेर, कशेळी, कोन, पडघा, अनगाव. त्याने ती एकेका पट्टीखाली लिहून घेतली. कोन आणि पडघा एकत्र दाबले की दात आंबायचे, काल्हेरनंतर कशेळी आली की रडू फुटेल असं वाटायचं. त्या पियानोवर त्याची ती जुनी संध्याकाळ वाजवताच येत नव्हती, त्यामुळे ताडून बघायला काही उरलं नाही. तो स्वतःचं काही तरी जुळवायला लागला.

झपाटल्यासारखा वगैरे नाही. फार हळू, रडतखडत. एखाद्या दिवशी दोन ओळी व्हायच्या, मग तीन दिवस गठ्ठ्यावर पडून राहायचा. आझमगढचा एक विणकर जाता-येता विचारायचा, "क्या गोरे भाई, आज कितना मीटर हुआ?" योरिस दोन बोटं जवळ आणून म्हणायचा, "आधा." त्यावर विणकर म्हणायचा, चलो, कुछ तो उतरा. दौलत शिफ्ट संपली की भिंतीला टेकून बसायचा. त्याला ऐकू यायचं ते तळव्यातून, एक हात तो पियानोच्या लाकडावर ठेवून असे. दोघांत बोलणं नाही. बोललेच तर माझ्यातून जायचं, आणि माझ्यातून गेलेलं फुगूनच बाहेर पडायचं. संक्रांतीपर्यंत आठ मिनिटांची रचना वहीत उतरली होती. दोन मिनिटं बाकी. वॉल्टरचा एक माणूस वीस जानेवारीला, शनिवारी, परत जायचा होता. टेप त्याच्याबरोबर द्यायची असं ठरलं.

संक्रांतीच्याच दिवशी वॉल्टर स्वतः शेठला घेऊन गोदामात आला. भाचा वाजवतोय याचा त्याला आनंदच झाला होता. पण माणूस इंजिनियर. त्याने चार पट्ट्या दाबल्या, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला की हा लावलेला साफ चुकीचा आहे, लावणाऱ्याला यातलं काही कळत नाही. शेठला तेवढं इंग्रजी येत होतं. संध्याकाळी शिफ्ट बदलताना पन्नास माणसांदेखत तो ओरडून म्हणाला, "दौलत, तुझा पियानो नापास झाला रं." माणसं हसली. दौलतने हातातला पान्हा पुसून ठेवला. थोड्या वेळाने माझ्या घरी आला.

"मास्तर, तो पोरगा पहिल्या दिवशी काय म्हणाला होता?"

मी म्हटलं, तुला सांगितलं तेच.

"खरं सांगा."

मी म्हटलं, चहा घे, निवतोय. त्याने चहा घेतला नाही.

त्याने दोन खाडे केले. तीस वर्षांत ज्याने स्वतःच्या लग्नाला एक खाडा केला होता त्या माणसाने दोन. एक दिवस मुंबईला जाऊन पियानो लावणारा शोधला, धोबीतलावला राहणारा एक म्हातारा. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, त्याला स्टेशनवरून रिक्षात घालून गोदामात आणला आणि दिवसभर त्याच्या हाताखाली पान्हे देत उभा राहिला. योरिस तेव्हा बंगल्यात बसून रचना स्वच्छ उतरवून काढत होता. मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी काय केलं असतं तेही सांगवत नाही.

बुधवारी सकाळी, खाड्यांच्या बदल्यात लागलेली रात्रपाळी संपवून, धुतलेला शर्ट घालून, केस पाण्याने बसवून दौलत योरिसला न्यायला आला. मीही बरोबर गेलो. गोदाम झाडलेलं होतं. बादलीच्या जागी शेठच्या ऑफिसातली खुर्ची.

योरिसने पहिला सूर लावला आणि हात काढून घेतला. पुन्हा लावला. सूर स्वच्छ होता, इस्त्री केलेला, मलासुद्धा कळलं. त्याने वही उघडली आणि सुरुवात केली. काल्हेर नव्हतं, कशेळी नव्हती, कोन-पडघा नव्हते. त्यांच्या जागी नेहमीचे, सगळ्या जगातल्या पियानोत असतात ते सूर. चौथ्या ओळीला त्याचे हात मांडीवर गेले.

दौलत हसऱ्या चेहऱ्याने उभा होता. "आता बरोबर हाय ना? इचारा त्याला."

योरिस माझ्याकडे वळला. "तीन पिढ्यांची पद्धत याने का मोडली?"

दोघे माझ्याकडे बघत होते. दोघांना पुरेल असं काही तरी सांगणं मला अवघड नव्हतं. तयारही झालं होतं तोंडात. पण एकाच्या डोळ्यांखाली रात्रपाळी होती आणि दुसऱ्याच्या डोळ्यांखाली आठ महिने, आणि मलाच एकाएकी फार दमल्यासारखं झालं. गठ्ठ्यावर बसलो आणि सांगून टाकलं. योरिसला सांगितलं की पद्धत वगैरे काही नाही, ती गावांची नावं आहेत. हा लूमचा माणूस आहे, याने ताणा समजून सगळ्या तारा अंगठ्याने सारख्या केल्या. दौलतला सांगितलं की पहिल्या दिवशी पोराने तुला वेडा म्हटलं होतं, मी ते बदललं. पण मग त्याच चुकीवर त्याने आठ मिनिटं रचली, आणि काल तू ती चूक दुरुस्त केलीस.

जसंच्या तसं सांगायला फार वेळ लागतो. मला घाम फुटला होता.

योरिस म्हणाला, त्याला पुन्हा तसंच करायला सांग. मी सांगितलं.

दौलतने मान हलवली. "न्हाय. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणून झालं. आता ठाऊक हाय. जाणूनबुजून वाकडं काम मी करणार न्हाय, मास्तर. आजपर्यंत केलं न्हाय."

मी तेही तसंच पोचवलं. म्हणजे संपलं, असं मी समजलो. शनिवारला तीन दिवस होते. मग योरिसने मला म्हटलं, त्याला विचार, पियानो म्हणून चुकलं हे ठीक, पण ताणा म्हणून चुकलं होतं का?

मी विचारलं. दौलतने पियानोचं पुढचं फळकूट काढलं, एका तारेवर अंगठा ठेवला, मग दुसऱ्या, मग खालच्या जाड तारेवर.

"ताणा म्हणून," तो म्हणाला, "आता चुकलाय. सगळा सैलघट्ट करून ठेवलाय म्हाताऱ्याने."

आणि त्याने शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

बुधवारचा दिवस आणि गुरुवारचा दिवस तेच काम चाललं. रात्री दौलत लूमवर, सकाळी इथे. मध्ये कधी झोपायचा ते मी पाहिलं नाही. या खेपेला योरिस पान्हा धरायला होता. दौलत तार दाबायचा, मग योरिसचा अंगठा धरून त्याच तारेवर ठेवायचा, मग मागच्या तारेवर, आणि भुवया उंचावून विचारायचा. योरिस मान हलवायचा, पान्हा अर्ध्या वेढ्याने फिरवायचा. चुकला तर दौलत त्याचा हात बाजूला सारून स्वतः फिरवायचा, रागावायचा नाही. माझी त्यांना गरज लागत नव्हती. मी नुसता बसून होतो, आणि हे मला फार जड गेलं. गुरुवारी दुपारी दोघांचे अंगठे सुजले होते. सुमतीने हळद पाठवली, ती दोघांनी एकाच वाटीतून लावली.

संध्याकाळी चारच्या सुमाराला शेवटची तार झाली. योरिस वही उघडून बसला.

ते तसं नव्हतं. पहिल्या ओळीतच कळलं. काल्हेर पाव कोसभर सरकलं होतं. कशेळी आली पण रडू आलं नाही. कोन आणि पडघा एकत्र दाबले तर दात आंबण्याऐवजी खाज सुटल्यासारखं झालं. योरिस चौथ्या ओळीपर्यंत गेला आणि हात मांडीवर. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, त्याला सांग, त्याने मनापासून केलं, पण हे पहिल्यासारखं नाही. रचना यावर बसत नाही. त्याचे आभार मान.

मी सांगितलं. काही न घालता, काही न काढता.

दौलत उकिडवा बसून पान्हे फडक्यात बांधत होता. त्याने वरही बघितलं नाही. इतका दमला होता की शब्द जमिनीशीच बोलल्यासारखे निघाले.

"दुसरा ताणा पहिल्यासारखा कधी येतो, मास्तर? सूत तेच, बीम तोच, माणूस तोच, तरी न्हाय येत. जो आलाय त्याच्यावर इणायचं. न्हायतर काय, पहिला आठवत लूम बंद ठेवायचा?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. योरिस म्हणाला, पुन्हा सांग. पुन्हा सांगितलं. मग त्याने वही मिटली.

"थक गया?" त्याने दौलतला विचारलं. एवढं हिंदी तो शिकला होता.

"थक गया," दौलत म्हणाला, आणि रात्रपाळीला निघून गेला.

निकाल आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. टेप शनिवारी गेली. मार्चमध्ये पत्र आलं. मंडळाने शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली, नेहमीसारखी तीन वर्षं नव्हे, एकच वर्ष. आणि शेवटी एक ओळ, की वाद्याकडे लक्ष देण्याची गरज दिसते. गावात मी सांगताना त्यांच्या राजाने स्वतः टेप ऐकून मुकुट काढून ठेवला असं सांगतो, पण इथे लिहितोय म्हणून खरं लिहिलं.

तर शुक्रवार. लूम बंद, वीज बंद. कामतघरला लूम बंद झाले की इतकं शांत होतं, की माणसं एकमेकांशी दबकत बोलतात. वॉल्टरने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता, तो गठ्ठ्यावर ठेवला. पाच-सहा विणकर आले होते. शेठ मागे खुर्चीवर. सुमतीही आली, आणि माझ्या शेजारी न बसता दौलतच्या पलीकडे बसली. दौलत रात्रपाळीवरून तसाच आलेला, अंगावर सुताचा कापूस. गठ्ठ्याला पाठ लावून पाय पसरले आणि एक तळवा पियानोच्या कडेला लावून बसला.

योरिसने वही पुढे ठेवली होती, पण पहिल्या ओळीनंतर तिच्याकडे बघितलं नाही. चौथ्या ओळीला त्याचं बोट घसरलं. या खेपेला चूक खरी होती, माझ्यासारख्यालाही कळली. त्याचे दोन्ही हात वर आले. मला वाटलं आता मांडीवर जाणार. सुमतीने पदर तोंडाला लावला.

हात तसेच हवेत राहिले. मग उजवा खाली आला आणि त्याच चुकलेल्या पट्टीवर पुन्हा पडला, मुद्दाम. पुन्हा एकदा, जरा हळू. डावा हात खालून कुठून तरी चालत तिथे आला, आणि तिथून दोघे मिळून निघाले. कुठे निघाले ते वहीत नव्हतं. वाट काढत, मध्ये अडखळत, एकाच जागी तीन-तीनदा घुटमळत चालले होते. सुंदर होतं असं मी म्हणणार नाही. दमलेला माणूस घरी जाताना जसा चालतो, तसं होतं. थांबत नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच दौलतची मान कलंडली. तळवा लाकडावर तसाच, पण गडी गाढ झोपला होता. मला वाईट वाटलं, सगळं ज्याच्यामुळे त्यानेच ऐकू नये. मी त्याला हलवायला वाकलो तर आझमगढच्या विणकराने माझं मनगट धरलं आणि नको अशी खूण केली. लूमवाल्यांची झोप मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हती. चालू लूमशेजारी ते मेल्यासारखे झोपतात, लूम बंद पडला तरच त्यांना जाग येते.

बारा-तेरा मिनिटं झाली असतील. योरिसने शेवटची पट्टी दाबली आणि आवाज पुरता विरेपर्यंत बोट तिच्यावरच ठेवलं.

दौलतचे डोळे उघडले. त्याने तळवा उचलून बघितला, मग आमच्याकडे बघितलं.

"काय झालं?" तो म्हणाला. "बंद का पडला?"

"झालं पुरं," मी म्हटलं.

योरिसने पियानोवर डोकं टेकलं होतं. त्याला उठवायला कोणी गेलं नाही.